पावणेदोन बादल्या

सोहारमध्ये ऑगस्टच्या रात्री
चष्मा दाराबाहेर नेला की आंधळा होतो.
आत अठरा अंश, बाहेर छत्तीस,
आणि मी आतल्या बाजूला, शाल गुंडाळून,
प्रोग्रॅमची वीज मोजत बसलेली.

दुधाला माप असतं, कापडाला गज.
प्रोग्रॅमला काय लावायचं?
प्लगपाशी मीटर खोचलं,
आधी सर्व्हर नुसताच चालू ठेवून आकडा घेतला,
मग एकेक काम बंद करून पाहत गेले,
घरात घोरतंय कोण हे शोधायला
एकेकाला कुशीवर वळवावं तसं.

पगारपत्रकाची भूक माफक.
हजेरीवाला सकाळी खातो, मग गप्प.
तिसऱ्या रात्री सापडला तो,
क्षणाक्षणाला एका रिकाम्या फोल्डरमध्ये डोकावणारा:
आली का? आली का? आली का?
बर्फाच्या कारखान्याकडून यायची यादी,
कुठल्या होडीला किती लाद्या.

कारखाना बंद पडून सहा वर्षं झाली.
तिथे आता टायर विकतात.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.
पण त्यात भिंतीचं रक्त तरी जात नाही.

नऊ वॅट. फक्त नऊ.
दिवसाचे दोनशे सोळा वॅट-तास.
इथली वीज बहुतेक गॅसची, युनिटमागे धूर किती
यावर दोन तक्त्यांचं एकमत नाही;
मी साडेचारशे ग्रॅम धरले
आणि समोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.
दिवसाला सत्त्याण्णव ग्रॅम.
दोन-तीन मुठी शेंगदाण्यांचं वजन,
फक्त हे मुठीत येत नाही.
सहा वर्षांचे दोनशे तेरा किलो.
थंडाव्याचा खर्च यात धरलेला नाही.

कोणी लिहिलं हे, म्हणून कोड उघडला.
वर एक ओळ: तात्पुरतं आहे. नंतर काढणे.
खाली आद्याक्षरं.
माझीच.
तेव्हा मी इथे नवी होते, कार्डसुद्धा हातात आलं नव्हतं,
आणि 'नंतर' हा शब्द
किती वीज खातो, ठाऊक नव्हतं.

बंद केला.
तीनशे बारावरून तीनशे तीन.
कुठे काही वाजलं नाही. कुणी फोन केला नाही.

पावणेतीनला मुकादम आले,
दाभोळचे, कूलिंगचे, हातात निळी बादली.
एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी ते रोज मोजतात,
वहीत लिहितात, मग गेटजवळच्या पुदिन्याला घालतात.
मी विचारलं, आज कमी भरली का?
हसले. "पावणेदोन. कालच्याइतकीच.
हे पाणी तुझ्या मशीनचं नाही गो,
दर्याच्या दमटाचं. तू काहीही बंद कर,
दर्या काय बंद होतोय?"

मग खुर्ची ओढून माझा आलेख पाहत बसले.
नऊ वॅटांची ती पायरी
मला बोट ठेवून दाखवावी लागली.
"आणि ह्या मीटरला किती लागते?"
दीड वॅट.
"लिहिलंस?"
नव्हतं लिहिलं. लिहिलं.
मोजणाऱ्याचंही माप घ्यावं लागतं
हे वीस वर्षं बादली मोजणाऱ्याला
कुणी शिकवावं लागलं नाही.

"आता किटलीला लाव," म्हणाले.
लावलं. काठोकाठ भरलेली किटली
उकळेपर्यंत एकशे आठ वॅट-तास प्यायली.
म्हणजे दोन किटल्या, आणि त्याचा एक दिवस.
सहा वर्षं तो तिथे बसून
रोज दोन किटल्या पाणी उकळत होता
आणि चहा कुणालाच देत नव्हता.

मुकादमांनी किटलीत डोकावून पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं,
आणि माणसं किती ते मोजलं. दोन.
निम्मं पाणी बादलीत ओतलं, पुदिन्यासाठी.
उरलेलं पुन्हा ठेवायला गेले, तर मीच अडवलं:
उकळलंय की ते, मुकादम.
पत्ती घाला.